एएफपी ६८ आला, म्हणजे कॅन्सरच का?

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे. हेपॅटायटिस बीमुळे लिव्हर सिऱ्हॉसिस झालाय, पोटात पाणीही आहे. लॅबच्या 'कॅन्सर पॅकेज'मध्ये एएफपी (यकृताच्या कॅन्सरसाठी बघतात ते रक्तातलं प्रथिन) ६८ आणि सीए-१२५ (मुख्यतः बायकांच्या अंडाशयाच्या कॅन्सरसाठी बघतात ते) तब्बल २४० आला. सोनोग्राफीत गाठ नाही. घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाहीये. हा कॅन्सर आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी तो सीए-१२५ डोक्यातून काढून टाका. पोटात पाणी झालं की तो वाढतोच, पुरुषांतही. पोटाच्या आतल्या अस्तरातून तो रक्तात येतो. सिऱ्हॉसिसच्या पेशंटला असली पॅकेजं विकतात याचा मला मनापासून राग येतो.

एएफपीचं मात्र तसं नाही. पोटातल्या बाळाचं यकृत तो बनवतं, जन्मानंतर तो जवळजवळ बंद होतो. यकृताच्या कॅन्सरच्या पेशी अनेकदा तो पुन्हा बनवू लागतात. पण सुजलेलं यकृत स्वतःची डागडुजी करतानाही तो बनवतं. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टच्या तळाशी एसजीपीटी, म्हणजे यकृताची सूज दाखवणारा आकडा, १९० आहे, तो पाहिलात का? म्हणजे सूज आहे. वडील हेपॅटायटिसच्या विषाणूवरची गोळी रोज घेतात ना? मध्ये खाडे झाले असतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सूज उतरली की एएफपीही बहुतेक वेळा उतरतो. चढतच राहिला तर संशय वाढतो. ४०० च्या वर गेला तर फारच.

पण उतरायची वाट बघत बसू नका. सिऱ्हॉसिसमध्ये एएफपी २० च्या वर गेला की सोनोग्राफीवर भागत नाही, ट्रिपल फेज सीटी (शिरेतून डाय देऊन तीन टप्प्यांत काढलेला) किंवा एमआरआय लागतो. याच आठवड्यात करा, आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून. कॅन्सरची गाठ धमनीतून डाय येताच उजळते आणि नंतर आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळी पडते. सिऱ्हॉसिसमध्ये हे चित्र स्पष्ट असेल तर सहसा बायोप्सीही लागत नाही.

कुणी पिव्का-२ ही यकृताच्या कॅन्सरची दुसरी रक्ततपासणी सुचवेल. चांगली तपासणी आहे, पण व्हिटॅमिन के कमी असेल किंवा वॉरफरिन हे रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर तीही फसवते.

आणि सीटी स्वच्छ आला तरी दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नका, एएफपी नॉर्मल असला तरीही. माझ्या एका पेशंटचा एएफपी फक्त ६ होता, आणि गाठ ३ सेंटिमीटरची. त्यांनी रक्ताच्या रिपोर्टवर विसंबून दोन सोनोग्राफी टाळल्या होत्या.

एएफपी दर वेळी एकाच लॅबमध्ये करा आणि जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या.