नवरा दारू सोडायला तयार नाही, सासरचे म्हणतात घरातलं घरात मिटवा. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात न्यावं का? खर्च किती, आणि खरंच सुटते का?

न्या. खर्च फोन करून विचारा, आमच्या वेळचा आकडा आता कामाचा नाही.

'घरातलं घरात' हे आमचे मोठे दीरही म्हणायचे. मुक्तांगण पुण्यात येरवड्याला, सुरुवातीला तर मनोरुग्णालयाच्याच आवारात होतं. त्यामुळे भाऊजींचा एकच धोशा, "येरवड्याला न्यायला तो काय वेडा आहे?" आणि घरात काय चाललं होतं? फ्लशच्या टाकीत क्वार्टर, आणि सकाळी ह्यांच्या ऑफिसला माझा फोन, "साहेब, यांचं पोट बिघडलंय." याला अब्रू म्हणायचं!

१९८६ साली पुण्यात गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरच्या नशेने, पोरं उद्ध्वस्त होत होती, तेव्हा डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी हे केंद्र काढलं. पुलं आणि सुनीताबाईंनी त्यासाठी एक लाख रुपये दिले. एवढी मोठी माणसं यात पडली, आणि आमच्या भाऊजींना शेजारी काय म्हणतील याची काळजी.

उपचार ३५ दिवसांचे. पण मला खरा आधार झाला तो बायकांच्या 'सहचरी' गटाचा. मी टाकीचं सांगितलं तर शेजारची म्हणाली, "आमच्याकडे तांदळाच्या डब्यात." सगळ्या खो खो हसलो. त्यानंतर मी ऑफिसला एकही फोन केला नाही.

सुटते का? ३५ दिवसांनी माणूस शुद्धीवर घरी येतो, पुढे फॉलोअप चुकवला की संपलं. ह्यांची एकदा स्लिप झाली. कुठे, तर भाऊजींच्याच मुलीच्या साखरपुड्यात. "अरे, एकाने काय होतंय!" म्हणत ग्लास त्यांनीच हातात दिला, आणि आता तेच सगळीकडे सांगतात, मुक्तांगणचा काही उपयोग नाही.

एक राहिलंच. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. फिट येते, भास होतात, जिवावर बेतू शकतं. दारू तुटतानाचा हा त्रास, म्हणजे 'टर्की', डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचा. आणि न सांगता आमटीत पुड्या, गोळ्या कालवायच्या नाहीत. वर दारू पोटात गेली तर काही गोळ्यांनी बीपी धाडकन उतरतं.

नवरा तयार नसेल तर आधी तुम्ही एकट्या जाऊन समुपदेशकांशी बोला. सासरी मागाहून कळवा. आम्ही भाऊजींना पुण्याची गाडी सुटल्यावर कळवलं होतं.