बाबांची बटणं आणि तुमचं घड्याळ

तुम्ही लिहिलंय, 'बाबांना पार्किन्सन्स आहे. शर्टाची बटणं लावायला पंधरा मिनिटं लागतात. मी घाई केली की आणखी हळू होतात. परवा मी ओरडले आणि ते रडले. मी इतकी उतावीळ कशी झाले?'

घाई केली की ते आणखी हळू होतात, हे तुम्ही अचूक टिपलंय. तो त्यांचा हट्ट नाही हो. या आजारात मेंदूतलं डोपामिन, म्हणजे हालचालीचे निरोप पोचवणारं रसायन, कमी होतं, हालचाल सुरू करणंच जड जातं, आणि मनावर ताण आला की अडखळणं वाढतं. तुमच्या 'आवरा ना लवकर'नं उशीरच होतो.

उतावीळपणा येतो तो मनातल्या हिशेबातून. बटणांना दोन मिनिटं, हा हिशेब आजारापूर्वीच्या बाबांचा आहे. चार दिवस काही न बोलता अंघोळ, कपडे, चहा यांना लागणारा वेळ मोजा. सगळ्यात जास्त लागलेला वेळ धरा, वर दहा मिनिटं ठेवा, आणि त्यावरून निघायची वेळ ठरवा.

गोळी लेव्होडोपाची, म्हणजे डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या औषधाची असेल तर ती दुधाबरोबर देऊ नका. दूध, पनीर, अंडी यांतल्या प्रथिनांमुळे ती नीट शोषली जात नाही. सहसा जेवणाआधी अर्धा तास देतात. मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारा, मात्रा स्वतः बदलू नका. गोळी लागू पडली की मगच अंघोळ-कपड्यांना सुरुवात करा. निम्मी चिडचिड इथेच थांबेल.

उंबरठ्याशी पाय खिळले तर हात धरून ओढू नका, तोल जाऊन पडतील. थांबू द्या. वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला सांगा, मग 'एक, दोन' म्हणत पाऊल. तिथे फरशीवर पावलापावलाच्या अंतरानं रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या तर बऱ्याच जणांना मदत होते. चालताना गप्पा नकोत.

शिंप्याकडून शर्टाला आतून वेल्क्रो लावून घ्या, बटणं वरून तशीच दिसू देत. लेंग्याला नाडीऐवजी इलॅस्टिक.

तरीही दात आवळले गेले, तर आधी त्यांना खुर्चीत बसवा आणि दोन मिनिटं स्वयंपाकघरात जाऊन या. परवाबद्दल आजच 'चुकलं माझं, बाबा' म्हणा, कारणं सांगू नका.

आणि ते वरचेवर रडत असतील तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना नक्की सांगा. नैराश्य या आजारात पुष्कळदा येतं आणि त्यावर उपचार आहेत.