यंत्रांचं विचारा : फुटलेला बर्फ, स्नो ब्लोअर आणि एचटी बोल्ट

प्रश्न : नमस्कार सर. मुलगा मिनियापोलिसला असतो, मागच्या वर्षी घर घेतलं आणि त्याबरोबर एक जुनी टू-स्टेज स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून बाजूला फेकायचं मशीन, ती पण. परवा तिकडं दिवसा बर्फ वितळला, रात्री परत गोठला, ड्राइव्हवेवर सगळा जाड थर. त्यानं पहारीनं फोडला आणि ते तुकडे ब्लोअरनं उडवायला गेला तर शिअर पिन तुटली, दुसरी घातली ती पण तुटली. माझा जन्म उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये गेलाय, मला तर पिनच हलकी वाटायलीय. इथनं 8.8 ग्रेडचे एचटी (हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीचे) बोल्ट मापात करून पाठवू काय?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : काका, नका पाठवू. बोल्ट एक नंबर होतील, त्यात शंकाच नाही, पण इथं चांगला बोल्टच घात करणार. ती पिन तुटायलाच बसवलेली असते. मशीनच्या तोंडाला आडवा फिरणारा जो दातेरी स्क्रू असतो, ऑगर, तो मधल्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर डावीउजवीकडं या पिनांनीच धरलेला असतो, आणि पिन मुद्दाम मऊ लोखंडाची, कधीकधी मधे खाच पाडलेली. मोठा तुकडा अडकला की पिन जाते, त्या बाजूचा ऑगर थांबतो, आतलं वर्म गिअर वाचतं. खानापूर-बैलहोंगलकडं कुठल्याबी ट्रॅक्टरवाल्याला विचारा, रोटावेटरच्या शाफ्टचा शिअर बोल्ट काढून कुणी एचटी बोल्ट घातला की दगड लागल्यावर काय होतं ते. बोल्ट शाबूत आणि गिअरबॉक्सचे दात ट्रेमध्ये! तिकडं नवीन गिअरबॉक्सला जेवढे पैसे जातील तेवढ्यात पिनांची पोतीच्या पोती येतील. कंपनीची, त्याच मॉडेलची पिन घ्यायची, चारपाच जास्तीच्या ठेवायच्या, विषय संपला.

आता मूळ मुद्दा. पिन तुटायलीय म्हणजे मशीन सांगायलंय की हे माझं काम नाही. स्नो ब्लोअर बनवलीय ती भुसभुशीत बर्फासाठी. ताजा पडलेला बर्फ घनमीटरला शंभरेक किलो, बऱ्याचदा त्याहून कमीच, आणि घट्ट गोठलेला 917 किलो, म्हणजे नऊपट वजन आणि वर दगडासारखा टणक. टू-स्टेजमध्ये ऑगर बर्फ गोळा करून मागं ढकलतो आणि मागचा पंखा, इंपेलर, तो च्यूटमधनं, म्हणजे वरच्या नळकांड्यातनं, 40-50 फूट लांब फेकतो. त्याच पंख्यानं बर्फाचा ढेकूळ फेकला तर शेजारच्या गाडीची काच गेली समजा, माणूस असला तर बोलायलाच नको. सिंगल-स्टेज असती तर मी सरळ नाहीच म्हटलं असतं, तिला रबराच्या पट्ट्या असतात, त्या टणक बर्फावर नुसत्या घासत बसतात.

म्हणून मोठे तुकडे फावड्यानं बाजूला, हेच खरं उत्तर, कंटाळवाणं असलं तरी. मुठीएवढे किंवा त्याहून बारीक, सुटे, भुसभुशीत बर्फात मिसळलेले असतील तर टू-स्टेज ओढते, पण सगळ्यात हळू गिअरला, निम्म्याच रुंदीनं घ्यायचं आणि बाजूचे स्किड शू, म्हणजे जमिनीवर घसरणारे लोखंडी पाय, थोडे खाली करून, म्हणजे मशीनचं तोंड वर उचललं जातं आणि खाली चिकटून राहिलेल्या खपलीत ऑगर जाऊन अडकत नाही. च्यूट घर, रस्ता, माणसं यांच्याकडं नको, डोळ्याला गॉगल पाहिजे, गळ्यातला मफलर जाकिटाच्या आत. ड्राइव्हवेच्या तोंडाशी रस्त्यावरचा प्लो, म्हणजे बर्फ ढकलणारी गाडी, जो ढीग लावून जातो ना, तो सगळ्यात वाईट, त्यात चिखल, मीठ, खडी सगळं असतं आणि रात्रीत गोठतं, तो ओला असतानाच काढायचा, चहा पिऊन मग बघू म्हटलं की गेलं.

आणि काका, मुलाला फोनवर एवढं ओरडून सांगा. च्यूट तुंबला तर हात घालायचा नाही. आधी इंजिन बंद, किल्ली बाहेर, फिरणारं सगळं थांबू दे, मग मशीनला लावलेली काठी असते तिनं कोरायचं. इंजिन बंद असलं तरी अडकलेल्या पंख्यात बेल्टचा ताण राहतो, बर्फ सुटला की तो एक झटका मारतो, आणि बोटं जायला एक झटका पुरे. हातमोजा घातलाय म्हणून काही वाचत नाही.

पहारीचं पण जपूनच, खालच्या काँक्रीटचे टवके उडतात. चपट्या पात्याचा स्क्रेपर मिळतो, तो थराच्या खाली तिरका घालून उचकटायचा, दुपारी ऊन लागलं की भसाभस सुटतो.

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणाला टोरांटोला चाललेय, जानेवारीत. जावई सकाळी लवकर ड्यूटीवर. पायरीवर बर्फ झाला तर कढत पाणी ओतलं की चालतंय काय? आणि तिकडं टाकतात ते मीठ आपलं जेवणातलंच काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : वहिनी, कढत पाणी अजिबात नको. वरचा थर वितळतो, ते पाणी खालच्या पायरीवर जाऊन गार होतं आणि गोठतं, आधीपेक्षा गुळगुळीत. तुम्ही बाळाचं करायला चाललाय, स्वतःचं हाड मोडून घ्यायला नव्हे. मीठ जातीनं तेच, पण जाडं, साफ न केलेलं, पोत्यानं मिळतं. मूठभर पेरायचं, ढीग नको. साधारण उणे 9 अंशांपर्यंत ते बरं काम करतं, त्याच्या खाली ढिम्म. फार थंडी असली तर कॅल्शियम क्लोराइडचे दाणे मागवायला सांगा जावयांना, ते उणे 20 ला पण चालतात, पण हातमोजे घालूनच टाकायचे, कातडीला चुरचुरतं. काहीच नसलं तर वाळू. ती वितळवत नाही, पण पाय घसरू देत नाही. घराचं काँक्रीट नवीन, वर्षाच्या आतलं असलं तर मीठ टाळून वाळूच बरी. कठडा धरून, छोटी पावलं टाकत उतरा, आणि साडी असली तरी बूट तिकडचेच घाला.

प्रश्न : भाऊ अमेरिकेतनं कायमचा परत यायलाय. स्नो ब्लोअर सामानात घालून आणू काय म्हणतोय, गोठ्यातलं शेण आणि पावसाळ्यातला चिखल काढायला उपयोग होईल काय?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : नको की! ओलं शेण च्यूटला चिकटून बसणार, चिखलात दगड असतातच, पिना रोज बदलाव्या लागतील, आणि उडालंच तर कुणाच्या अंगावर जाईल ते मी लिहीत नाही. तिकडंच विकून या म्हणावं, तेही पहिला बर्फ पडायच्या जरा आधी, तेव्हा भाव येतो. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकायचं, नाहीतर कार्बुरेटरमध्ये डिंक धरतो आणि गिऱ्हाईक दारात उभं असताना मशीन चालूच होत नाही.