माहितीपटात बोलतंय कोण? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या फिल्म क्लबात ज्याँ-मिशेल बास्किया या कृष्णवर्णीय चित्रकारावरचा माहितीपट दाखवला. पडद्यावर कृष्णवर्णीय माणसं बरीच होती, तरी एक सभासद म्हणाले, ‘हा गोऱ्यांनी सांगितलेला बास्किया.’ हे तपासून पाहता येतं का?
(लालबाग)

उत्तर : येतं, कागद-पेन पुरे. डोकी मोजू नका. दुसऱ्यांदा बघताना प्रत्येक बोलणाऱ्यापुढे तीन गोष्टी लिहा : नावाच्या पट्टीवर ओळख काय दिली, एकूण किती वेळ बोलला आणि कशाबद्दल. तिसऱ्या रकान्यात खरी गोम कळते. नेहमीचा साचा असा, की बालपण, व्यसन, मृत्यू यांवर घरचे आणि दोस्त बोलतात. चित्रांचा अर्थ लावायला समीक्षक नि गॅलरीवाले येतात. सोसायचं एकांनी, समजावून सांगायचं दुसऱ्यांनी.

रस्त्यावर सापडलेला अडाणी प्रतिभावंत, ही बास्कियाची प्रतिमा बाजाराला फार सोयीची होती. प्रत्यक्षात तो 1960 साली ब्रुकलिनमध्ये मध्यमवर्गीय घरात जन्मला. वडील हैतीहून आलेले, हिशेबनीस. आई पोर्तोरिकन वंशाची. लहानपणापासून ती त्याला संग्रहालयांत न्यायची. 1968 मध्ये मोटारीच्या अपघातानंतर तो रुग्णालयात असताना तिनेच ‘ग्रेज ॲनाटॉमी’ हे शरीररचनेचं पुस्तक आणून दिलं, आणि पुढे चित्रांत हाडं, अवयव, त्यांची नावं येत राहिली. माहितीपटात हे किती आणि ‘उपजत ऊर्जा’ छापाची वाक्यं किती, ते बघा. चित्रांत मुकुट तो चढवतो चार्ली पार्करसारख्या जॅझवादकांना, शुगर रे रॉबिन्सनसारख्या मुष्टियोद्ध्यांना. ही माणसं त्याला का हवी होती, हे सांगायला एखादा कृष्णवर्णीय कलाइतिहासकार बसवलाय का? त्याच्या चित्राला 2017 च्या लिलावात मिळालेले 11 कोटी 5 लाख डॉलर काय, कुणीही सांगेल.

मात्र दिग्दर्शक गोरा म्हणून माहितीपट बाद, असंही करू नका. टॅम्रा डेव्हिस यांच्या 2010 च्या माहितीपटाचा कणा म्हणजे त्यांनी बास्कियाच्या हयातीतच चित्रित केलेली मुलाखत. तिथे तो स्वतः बोलतो. पुढच्या बैठकीला राऊल पेक यांचा जेम्स बाल्डविन या कृष्णवर्णीय लेखकावरचा 2016 चा ‘आय ॲम नॉट युअर निग्रो’ लावा. त्यात तज्ज्ञांच्या मुलाखतीच नाहीत, निवेदन सगळं बाल्डविनच्या शब्दांत. दोन्हींचे रकाने शेजारी ठेवले की चर्चेला हाताशी काहीतरी असेल.

प्रश्न : एका लोकशाहिरांवर माहितीपट करतोय. चाळीतल्या खोलीत मुलाखत घेतली, त्यांचा सावळा चेहरा पार काळवंडला. एडिटमध्ये उजळला तर राखाडी झाला. कॅमेरा बदलावा का?
(चेंबूर)

उत्तर : कॅमेऱ्याचा खर्च वाचवा. ऑटो एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा हे कॅमेऱ्याने आपणहून ठरवणं, सरासरी मध्यम करड्या रंगाकडे ओढतं. मागे चुन्याची पांढरी भिंत आणि वर ट्यूबलाइट असली की कॅमेरा भिंतीचा उजेड मोजून एक्स्पोजर खाली आणतो. सावलीत माहितीच साठलेली नसते, म्हणून नंतर उजळलं की दाणे वर येतात.

मॅन्युअलवर या. शाहिरांना भिंतीपासून चार-पाच फूट पुढे बसवा, मागे गडद चादर किंवा पुस्तकांचं कपाट घ्या. ट्यूबलाइट बंदच करा. तिची हिरवट झाक सावळ्या कातडीवर मळकट दिसते. दिवा थेट तोंडावर मारू नका, बाजूच्या चार बाय चार फुटांच्या थर्माकोलवर मारा, आणि मागून खांद्यावर हलका बॅकलाइट द्या. कॅमेऱ्यात वेव्हफॉर्म (चित्रातला उजेड टक्क्यांत दाखवणारा आलेख) असेल तर चेहरा साधारण 35 ते 50 टक्क्यांत ठेवा. 70 टक्क्यांचा झेब्रा (तेवढा उजेड असेल तिथे पडद्यावर उमटणारे पट्टे) गोऱ्या कातडीच्या हिशेबाने लावतात. सावळा चेहरा तिथवर चढवलात की रंग गेलाच. पावडर फासून गालावरची चमक मारू नका. चेहऱ्याला उठाव तिनेच येतो.

हे दुखणं जुनं आहे. कोडॅकच्या रंग जुळवायच्या कार्डांवर कित्येक वर्षं गोरी बाईच असायची. गडद छटा नीट उमटाव्यात म्हणून कंपनी हलली त्यात चॉकलेटवाल्यांच्या आणि फर्निचरवाल्यांच्या तक्रारींचा वाटा मोठा होता.

प्रश्न : ज्यांच्यावर माहितीपट आहे त्यांना मानधन द्यावं का? पैसे दिले की बोलणं विकत घेतल्यासारखं होतं, असं आमच्यातले काही म्हणतात.
(विक्रोळी)

उत्तर : कॅमेरामनला देताना हा प्रश्न पडत नाही. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी व ट्रान्सजेंडर मंडळींच्या बॉल संस्कृतीवरच्या (बॉल म्हणजे वेशभूषा-नृत्याच्या स्पर्धा) ‘पॅरिस इज बर्निंग’ची (1990) कमाई सुरू झाल्यावर त्यातल्या काहींनी वाटा मागितला. अखेर सुमारे 55 हजार डॉलर 13 जणांत वाटले गेले, तरी कटुता राहिली. म्हणून रक्कम शूटिंगआधी ठरवा : बुडणाऱ्या दिवसाची मजुरी वेगळी, गाण्याचं मानधन वेगळं. संमतीपत्र मराठीत करा, वाचून दाखवा. चित्रीकरणाची संमती म्हणजे गाण्याचे हक्क नव्हेत. गीताचा कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं चालतो, तेव्हा वारसांचीही सही लागू शकते. रफ कट (कच्चं संकलन) वस्तीत दाखवायचा तो साउंड मिक्सच्या, म्हणजे सगळे आवाज शेवटचे जुळवण्याच्या, आधी. नंतर एखादं वाक्य काढायचं म्हटलं तरी मिक्सचं बिल पुन्हा येतं, आणि मग ‘राहू दे आता’ म्हणायचा मोह आवरत नाही.