गलबतावरचे टपाल आणि पॅरिसातले वकील

मागच्या अंकात अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या (१७७५–१७८३) काळात युरोपात राहून मदत मिळवणाऱ्या अमेरिकी वकिलांवर टिपण होते. त्यावर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. 'वकील' हा शब्द पेशवाईतल्या अर्थाने घ्यावा: परदरबारी नेमलेला माणूस.

प्र. एकाच पत्राच्या तीन-चार प्रती दिसतात आणि तारखांचा मेळ बसत नाही. खरी कोणती धरायची? (इतिहासाचा विद्यार्थी, लातूर)

उ. सगळ्याच खऱ्या. समुद्रावर इंग्रजी आरमाराचा पहारा, म्हणून एकच पत्र अनेकदा उतरवून वेगवेगळ्या गलबतांवरून धाडत. नवे पत्र निघताना मागच्याची नक्कलही त्याच लखोट्यात जाई. दोन तारखांचा घोळ तिथेच होतो.

४ जुलै १७७६ ला मंजूर झालेला स्वातंत्र्याचा जाहीरनामा काँग्रेसच्या (बंड केलेल्या अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधिसभेच्या) गुप्त पत्रव्यवहार समितीने ८ जुलैला आपला वकील सायलस डीन याच्याकडे फ्रान्सला रवाना केला. ते पत्र पोहोचलेच नाही. ७ ऑगस्टच्या पत्रासोबत गेलेली नक्कल त्याच्या हाती पडली ती नोव्हेंबरात. लंडनच्या वर्तमानपत्रांत जाहीरनामा ऑगस्टमध्येच छापून आला होता. ज्याने तो फ्रेंच दरबारात मांडायचा, त्याच्याकडेच कागद नव्हता!

तेव्हा वहीत तीन रकाने आखा: लिहिले, निघाले, पोहोचले. अमेरिकेतल्या साराटोगाला इंग्रजी फौज शरण आली १७ ऑक्टोबर १७७७ ला. बातमी वकील बेंजामिन फ्रँकलिनच्या पॅरिसजवळच्या पासी इथल्या बिऱ्हाडी आली ४ डिसेंबरला, ४८ दिवसांनी. फ्रान्सशी तह झाला ६ फेब्रुवारी १७७८ ला. कागद काँग्रेसपुढे आले २ मे रोजी, ८५ दिवसांनी. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांत चार-पाच महिने सहज जात. वकिलाने वरिष्ठांचा हुकूम मोडला असे वाटले, तर हुकूम तोवर त्याच्या हाती पडला होता का, हे आधी पाहावे. पुष्कळ पत्रांच्या आरंभी 'अमुक तारखेची पत्रे पावली' अशी पोच असते. वाचक ती ओलांडून पुढे जातात. तिसरा रकाना भरतो तो त्याच ओळींवरून.

प्र. शत्रूचे जहाज आडवे आले तर कागदांचे काय करत? (वाचक, परभणी)

उ. वजन बांधून समुद्रात टाकत. पण कोरड्या कागदांच्या गठ्ठ्यात हवा धरून राहते. वजन कमी पडले किंवा पिशवीत पाणी लवकर शिरले नाही, तर ती तरंगते. अमेरिकी वकील हेन्री लॉरेन्सच्या बाबतीत ३ सप्टेंबर १७८० ला नेमके हेच झाले. हॉलंडकडे निघालेले त्याचे 'मर्क्युरी' जहाज इंग्रजांनी न्यूफाउंडलंडजवळ धरले. फेकलेली पिशवी बुडेना, खलाशांनी ती आकड्याने वर ओढली. आत अमेरिका-हॉलंड तहाचा १७७८ चा नुसता मसुदा होता, कुणीही मंजूर न केलेला. तोच पुढे करून इंग्लंडने डिसेंबरात हॉलंडशी युद्ध पुकारले. लॉरेन्स लंडनच्या टॉवरमध्ये वर्षाहून अधिक काळ कैदेत राहिला.

प्र. लोवेलची सांकेतिक लिपी नववीच्या मुलांना मराठीत कशी दाखवावी? (शिक्षिका, अंबाजोगाई)

उ. जेम्स लोवेल हा काँग्रेसचा सभासद. त्याच्या पद्धतीत एका ठरलेल्या शब्दाची पहिली दोन किंवा तीन अक्षरे घेऊन प्रत्येकाखाली तिथपासून पुढची वर्णमाला उतरवायची आणि बाजूला आकडे घालायचे. मजकुराचे पहिले अक्षर पहिल्या रकान्यातून, दुसरे दुसऱ्यातून, मग पुन्हा पहिल्यातून.

मराठीसाठी क ते ळ ही ३४ व्यंजने घ्या (क्ष, ज्ञ वगळा), काना-मात्रा सोडा. किल्ली 'बीड'. पहिला रकाना ब १, भ २, म ३ असा सुरू होऊन ळ १२ पर्यंत जातो. मग क १३ पासून फ ३४ पर्यंत. दुसरा ड १, ढ २, ण ३ असा निघून ळ २२ वर येतो. पुढे क २३ ते ट ३३, ठ ३४. आता 'गलबत' लिहा: ग पहिल्यात १५, ल दुसऱ्यात १६, ब पहिल्यात १, त दुसऱ्यात ४. निरोप झाला १५-१६-१-४.

मग मुद्दाम चूक करायला लावा. सुरुवात दुसऱ्या रकान्यापासून केली की तेच आकडे 'रघडय' होतात. एक आकडा गळला की पुढचा सगळा मजकूर असाच नासतो, आणि दुरुस्ती विचारायला पत्र पुन्हा समुद्रापार जाणार. युरोपातला वकील जॉन अ‍ॅडम्सला ही लिपी कधी नीट जमली नाही. फ्रँकलिनकडे हॉलंडमधल्या हेगचा अमेरिकेचा हस्तक द्युमा याने दिलेली लिपी होती: ६८२ अक्षरांचा एक फ्रेंच उतारा, अक्षरांना ओळीने आकडे. त्यात एकाच अक्षराला अनेक आकडे मिळतात, त्यामुळे अंदाज बांधणे अवघड जाते. वर्गासाठी मात्र लोवेलचीच बरी.

प्र. न दिसणारी शाई म्हणजे लिंबाचा रसच ना? (वाचक, पैठण)

उ. नाही. लिंबाचे अक्षर दिव्यावर धरले की उमटते, आणि हे संशयी अधिकाऱ्याला ठाऊकच असते. डीन वापरत होता ती जेम्स जे नावाच्या डॉक्टरने केलेली, दोन द्रवांची: एकाने लिहायचे, दुसरा फिरवला की अक्षर उठायचे. वर व्यापारी मजकूर साध्या शाईने लिहिलेला असे.

दोन द्रवांचे हे तत्त्व आपल्याकडच्या हिरडा-हिराकशीच्या (हिराकस म्हणजे फेरस सल्फेट) शाईवरून समजते. एक हिरडा फोडून बी काढा, साल अर्धा कप पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. उकळू नका, रंग गडद होतो आणि अक्षर आधीच दिसते. पाणी पिवळे वाटले तर आणखी पातळ करा. बोरूने किंवा काडीने लिहा. लोखंडी निब वा भांडे लागले की द्रव काळा पडतो. वाळल्यावर अर्ध्या कपात अर्धा चमचा हिराकस विरघळवून कापसाने टिपा, घासू नका, नाहीतर अक्षर फुटते. गुळगुळीत, चकचकीत कागद चालत नाही. हिराकस पोटात जाऊ देऊ नका. कपड्यावरचे डाग निघत नाहीत.

प्र. एवढी खबरदारी घेऊनही इंग्रजांना सगळे कळायचे कसे? (निवृत्त डाक कर्मचारी, नांदेड)

उ. घरातूनच. वकिलातीचा विश्वासू सहायक एडवर्ड बँक्रॉफ्ट इंग्रजांचा पगारी हेर होता. प्रेमपत्राच्या ओळींमध्ये न दिसणाऱ्या शाईने बातम्या लिहून तो कागद बाटलीत घाली, आणि दर मंगळवारी रात्री ती बाटली पॅरिसच्या तुइलरी बागेतल्या झाडाच्या ढोलीत दोरीने सोडी. फ्रान्सच्या तहाची खबर लंडनला दोनेक दिवसांत गेली. वरचे ८५ दिवस आठवा. त्याचे हे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुने कागद खुले झाले तेव्हा उघड झाले.

त्याआधी ऑक्टोबर १७७७ मध्ये इंग्रजांना फितूर झालेला अमेरिकी कप्तान जोसेफ हिन्सन याने तर वकिलांचे काँग्रेसकडे निघालेले खलितेच पळवले. लखोटे जसेच्या तसे बंद. कॅप्टन फोल्जरने ते इमानाने समुद्रापार नेले. जानेवारी १७७८ मध्ये काँग्रेसने उघडले तेव्हा आत कोरे कागद! मोहोर शाबूत म्हणजे मजकूर शाबूत, असे कुणी धरून चालू नये. निजामाच्या दरबारातून पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे नाना फडणविसांना लिहीत, त्या पत्रांना समुद्र नव्हता, जासुदांची खुश्कीची वाट होती. पण कारकून आणि जासूद ही माणसे तिथेही मधे होतीच.