पहिलं डोकं बाईंचं

प्रश्न : ताई, मी देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पट २६चा. गणपतीची सुट्टी संपून शाळा भरली आणि आठवड्याभरात निम्म्या मुली डोकं खाजवायला लागल्या. चौथीतल्या एका मुलीच्या वेणीवर ऊ चालताना शेजारणीने बघितली आणि घरी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन पालक आले, "तिला वेगळी बसवा, नाहीतर डोकं साफ होईपर्यंत शाळेत घेऊ नका" म्हणाले. तिची आई काजूच्या कारखान्यात जाते, घरी आजी आणि तीन भावंडं. आईने रागाने तिचे केस कात्रीने वेडेवाकडे कापले. दोन दिवस झाले, मुलगी शाळेत आलेली नाही. मी काय करू? आणि औषध नक्की कोणतं? कुणी कापूर सांगतं, कुणी सीताफळाच्या बिया.
– एक शिक्षिका, देवगड

उत्तर : बाई, आज शाळा सुटली की आधी तिच्या घरी जा. माझं उत्तर पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल. तिला एवढंच सांगा की तुझी जागा तीच आहे, उद्या ये. आणि गावात कुणी केस कापणारी असेल तर तिच्याकडून तिच्या केसांच्या कडा सारख्या करून घ्या. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला उवांपेक्षा ते वेडेवाकडे केस जास्त टोचत असतील.

त्या दोन पालकांना काय सांगायचं तेही लिहिते. पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाला खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात, कारण उवेच्या लाळेचं अंगाला वावडं यावं लागतं, तेव्हा खाज येते. म्हणजे आज खाजवणाऱ्या कितीतरी मुलींच्या डोक्यात उवा श्रावणातच आलेल्या असणार. कुणाची कुणाकडे गेली हे तुम्हालाही सांगता यायचं नाही आणि मलाही नाही. आता एकीला घरी बसवून कुणाचंच डोकं वाचत नाही, तिचा अभ्यास मात्र बुडतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा उवांसाठी मुलाला शाळेबाहेर ठेवू नका असंच सांगते.

ऊ उडत नाही, उडी मारत नाही. तिळाएवढा जीव तो, केस धरून चालतो. डोक्याला डोकं लागलं की या केसावरून त्या केसावर जातो. कुत्र्या-मांजरांकडून किंवा खुराड्यातल्या कोंबड्यांकडून ती येत नाही, माणसाची ऊ माणसाकडेच राहते. ओल्या केसांमुळेही होत नाही. पावसात केस वाळत नाहीत, मुली तशाच दोन वेण्या घालून येतात आणि फणी फिरवायची राहून जाते, एवढाच पावसाचा संबंध. आणि गणपतीत चाकरमानी आले की माजघरात एका सतरंजीवर दहा-दहा मुलं डोक्याला डोकं लावून झोपतात. माझ्या उपकेंद्रावर दरवर्षी गणपतीनंतर आणि मे महिना संपल्यावर उवांची तक्रार वाढलेली असायची. यात अस्वच्छतेचा प्रश्नच नाही. रोज नहाणाऱ्या मुलीच्या डोक्यातही ऊ तितक्याच आनंदाने राहते. हे पालकांना मोठ्याने सांगा, कारण त्या काजू कारखान्यातल्या आईला सगळ्यांनी मनात घाणेरडी ठरवलेलं आहे.

आता सीताफळाच्या बिया. मी २९ वर्षं आरोग्यसेविका होते. वेंगुर्ले तालुक्यात असताना एका सकाळी एक आजी सात वर्षांच्या नातीला कडेवर घेऊन आली. पोरीने दोन्ही मुठी डोळ्यांवर घट्ट दाबलेल्या. बियांची पूड खोबरेलात कालवून डोक्याला थापली होती, वर फडकं बांधलं होतं, रात्री घामाबरोबर ते तेल डोळ्यांत उतरलं. आजी सारखी म्हणत होती, "झाडपाल्याचा औषद ता, तेच्यान काय होतला?" मी पोरीला बाकावर आडवी केली, एका हाताने पापणी उघडून धरली आणि दुसऱ्या हाताने स्वच्छ पाण्याची धार सोडत राहिले. कळशी संपली, दुसरी आणली. डोळा लालभडक, उजेड सहन होईना. लगेच जीप करून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवली. बुबुळाला जखम झाली होती. आठवड्यात भरून आली, नशीब तिचं. तेव्हापासून सीताफळाच्या बियांचं नाव कुणी काढलं तरी मी हात जोडते.

कापराचंही तसंच. खोबरेलात कापूर घालून ठेवलेली बाटली लहान मुलाच्या हाताला लागली आणि पोटात गेली तर झटके येतात. रॉकेल तर नकोच, शेजारी चूल पेटलेली असते. फवारायची औषधं आणि झुरळांचे खडूही नकोत.

यावरचं खरं काम फणीचं आहे. बारीक दातांची दुहेरी फणी, तीच जी आपल्या आयांच्या हातात असायची. सकाळच्या उजेडात पडवीत बसा, मुलीच्या खांद्यावर पांढरं फडकं टाका. केस ओले करून भरपूर तेल किंवा कंडिशनर लावा, म्हणजे उवा जागच्या जागी राहतात आणि फणी अडकत नाही. केसांच्या बोटभर रुंद बटा पाडा आणि प्रत्येक बट मुळापासून टोकापर्यंत ओढा, दरवेळी फणी फडक्यावर पुसा. कानांमागे आणि मानेवर जास्त वेळ द्या, तिथेच त्या दाटीने असतात. लांब केसांना अर्धा-पाऊण तास लागतोच. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, निदान दोन आठवडे. सलग तीन वेळा फडकं कोरं राहिलं की थांबायचं.

औषध हवं असेल तर १ टक्का परमेथ्रिनचं लोशन. दुकानात ५ टक्क्यांचं मलमही मिळतं, ते खरजेचं, म्हणून बाटलीवरचा आकडा वाचून घ्या. आपल्याकडे एक चूक हमखास होते, तेलकट केसांवर औषध लावतात. आधी शाम्पूने तेल पूर्ण काढायचं, केस टॉवेलने टिपायचे, मग लावायचं, डोळ्यांवर घडी धरायची, १० मिनिटांनी धुवायचं. दोन महिन्यांखालच्या बाळाला लावायचं नाही. बाळंतीण किंवा गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एकदा लावून भागत नाही. औषधाने चालत्या उवा मरतात, लिखा सगळ्या मरत नाहीत. लीख फुटायला साधारण ७ ते ९ दिवस लागतात आणि त्या पिल्लाला स्वतः अंडी घालायला आणखी ९ ते १२ दिवस. म्हणून नवव्या दिवशी दुसऱ्यांदा लावायचं, म्हणजे नवी पिल्लं मोठी होण्याआधीच सापडतात. रविवारी लावलंत तर लगेचचा मंगळवार सोडून त्याच्या पुढचा मंगळवार. उशीचे अभ्रे, चादरी न्हाणीच्या हंड्यातल्या कढत पाण्यात घालून उन्हात टाका. त्याहून जास्त घर धूत बसू नका, डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. औषधानंतरही काही दिवस खाज राहते, तेवढ्यावरून पुन्हा औषध चोपडू नका. मानेमागे गाठी लागल्या किंवा खाजवून फोड येऊन पू झाला तर मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

आणि शाळेचं. वर्गात मुलांची डोकी तपासू नका, कुणाचंच नाव चिठ्ठीत घालू नका. शनिवारी सकाळची शाळा असते, आयांना आणि आज्यांना बोलवा. मी अशा बैठकीत खुर्चीवर बसायचे, अंबाडा सोडायचे आणि समोरच्या एखाद्या आजीच्या हातात फणी द्यायचे : पहिलं डोकं माझं बघा. एका शाळेत आजीला माझ्या डोक्यात दोन लिखा सापडल्या. सगळ्याजणी गप्प झाल्या, मग एकीने आपणहून पदर खाली घेतला. तुम्ही मुलांमध्ये दिवसभर वाकता, तुमच्याही डोक्यात असू शकतात, आधी घरी कुणाकडून तरी बघून घ्या आणि काही निघालं तर बैठकीत सांगा. मग सगळ्या वाडीने एकच रविवार ठरवायचा. ज्यांच्या डोक्यात सापडतील त्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध, मुलगेसुद्धा आले. एक घर राहिलं तर तिथून परत सुरू होतं. फण्यांचा आणि औषधाचा खर्च ज्यांना जड आहे त्यांच्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं (हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला), त्यातल्या डॉक्टरांनाही हे आधी सांगून ठेवा.

अबोलीचा वळेसर माळून आलेल्या मुलींना फुलं काढायला लावू नका. कुणीतरी तेही सुचवेल.

प्रश्न : नातीच्या केसांत पांढरे कण दिसतात. कोंडा की लिखा, कसं ओळखू?
– एक आजी, गुहागर

उत्तर : आजी, एक केस दोन नखांत धरून कण ओढून बघा. कोंडा भुरकन सुटतो, लीख केसाला चिकटलेली असते, नखाने खरवडावी लागते. ती केसाच्या एकाच बाजूला लागलेली, लांबट दिसेल. टाळूजवळ असेल तर जिवंत असण्याचा संभव. टाळूपासून बोटाच्या पेराएवढी लांब गेली असेल तर ते रिकामं टरफल आहे, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि लीख त्याच्याबरोबर वर जाते. चालती ऊ एकही सापडली नाही तर औषध लावू नका. फणी फिरवत राहा. चष्मा लावून बघा आणि उजेडाकडे पाठ करून बसा.