हिरड्यांच्या ऑपरेशनमध्ये स्वतःच्याच रक्ताची पीआरएफ घालून घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा: खालच्या दाढांपाशी फ्लॅप सर्जरी (हिरडी उघडून मुळांची सफाई) ठरली आहे, डॉक्टर तुमचंच रक्त काढून त्याची पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन, म्हणजे प्लेटलेट्स अडकलेली रक्ताची गुठळी) जखमेत घालू म्हणतात, तिचे पैसे वेगळे आहेत, तर घ्यावी का? मी हिरड्यांचाच डॉक्टर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डेंग्यूमुळे प्लेटलेट्स म्हटलं की आपल्याकडे धडकीच भरते. इथे दहा-वीस मिली रक्त लागतं. रक्तदानात 350 मिली जातं. तुमच्या प्लेटलेट्सना काही होत नाही.

रक्त काढल्यावर त्यात काहीही न मिसळता लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी 2001 मध्ये पुढे आणलेली ही पद्धत. मिनिटाला 2700 फेऱ्या, 12 मिनिटं, असं प्रमाण बऱ्याच ठिकाणी वापरतात. तळाशी लाल पेशी बसतात, वर पिवळसर पाणी राहतं आणि मधे फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या धाग्यांची, जेलीसारखी गुठळी होते. प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी त्या जाळ्यात अडकलेल्या असतात. ती दाबली की पातळ पडदा मिळतो, आणि त्यातून जखम भरायला मदत करणारे घटक काही दिवस हळूहळू झिरपत राहतात. आधीच्या पीआरपीत (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा या जुन्या पद्धतीत) रक्त गोठू नये म्हणून औषध घाला, मग गोठवायला बऱ्याचदा गाईचं थ्रॉम्बिन घाला, अशी कटकट होती. पीआरएफला घाई मात्र लागते. नळी टेबलावर राहिली तर रक्त तसंच गोठतं, म्हणून आमची असिस्टंट मशीनचं झाकण उघडूनच उभी असते.

आता खरा मुद्दा. एक्स-रेत हाड कसं झिजलंय ते डॉक्टरांना विचारा. मुळालगत हाडात उभा, खोल खड्डा पडला असेल, तर नुसत्या फ्लॅपपेक्षा पीआरएफ घातल्यावर पॉकेट (दात आणि हिरडीमधली खोल फट) अधिक कमी होतो आणि हाडही जास्त भरतं, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. हाड सगळीकडून सारखंच खाली गेलं असेल, तर गुठळी टिकणार कशात? तिथे मी पेशंटला हा खर्च करायला सांगत नाही.

दुसरीकडे लावायला टाळूवरून हिरडीचा तुकडा काढायचा असेल, तर त्या जागेवर पीआरएफ जरूर लावून घ्या. ती जखम फार ठणकते, जेवणं नकोसं होतं. पडद्याने झाकली की दुखणं कमी राहतं आणि ती लवकर भरते. पण उघडं पडलेलं मूळ झाकायला टाळूच्या आतल्या थराचं कलमच अजून सरस आहे. "टाळूला हातच लावायला नको, पीआरएफने भागेल" असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

बाकी, मुळावरचं कीटण नीट निघालं नाही, साखर चढलेली राहिली किंवा सिगारेट-तंबाखू चालूच राहिली, तर पीआरएफचे पैसे पाण्यात. मिश्रीसुद्धा तंबाखूच, हे मला रोज कुणाला तरी सांगावं लागतं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि टाके निघेपर्यंत त्या जागी ब्रश नको. डॉक्टर देतील त्या क्लोरहेक्सिडीनने हलक्या चुळा भरा.